झाकणाला स्क्रू आहे का?

बाळाच्या वस्तू आणि खेळणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘बाळाच्या वस्तूंबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा’ असं म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नाशिकमध्ये 31 वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची उत्तरं देत नाही. पण मुलांच्या नाकातून, घशातून काय काय निघतं, ते ट्रेमध्ये धरून मी पाहिलेलं आहे. या वेळी चार पत्रं घेतली आहेत.

सिस्टर, माझा मुलगा 10 महिन्यांचा आहे. नवरात्रात कालिकेच्या यात्रेतून सासूबाईंनी त्याला 80 रुपयांची कोंबडी आणली. बटण दाबलं की दिवे लागतात, गाणं वाजतं. त्यावर कंपनीचं नाव नाही, आयएसआय नाही. मी ती कपाटात ठेवली तर सासूबाई रुसल्या. ‘आमची मुलं खेळली नाहीत का?’ म्हणाल्या. असलं प्लॅस्टिक तोंडात गेलं तर काही होईल का?
– एक आई, इंदिरानगर

ताई, तुम्ही प्लॅस्टिकचं विचारलंत, पण मला आधी त्या कोंबडीचं पोट बघायचं आहे. ती उलटी करा. बॅटरीचं झाकण कसं बसवलंय? स्क्रू आहे, की नखाने खटका दाबला की उघडतंय? आत पेन्सिल सेल आहेत, की घड्याळात असतात तसे चपटे, बटणासारखे? झाकण नखाने उघडत असेल आणि आत चपटे सेल असतील, तर कोंबडी आजच घराबाहेर काढा. प्लॅस्टिकचं नंतर बघू.

वॉर्डातली एक मुलगी मी विसरू शकत नाही. निफाडकडची, दीड वर्षाची. दोन दिवस लाळ गळत होती, घास घेत नव्हती, खोकत होती. गावात सर्दी-खोकल्याचं औषध दिलं होतं, आणि त्यात गावच्या डॉक्टरांना तरी काय दोष द्यावा, दिसायला सर्दीच दिसते. आमच्याकडे एक्स-रे काढला तर अन्ननलिकेत गोल चकती. आई म्हणाली, ‘रुपया गिळला असंल.’ आमच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि कडेला बोट ठेवलं. एकात एक अशी दोन वर्तुळं होती. नाण्याला कडा एकच दिसते, सेलला दोन. रात्रीच दुर्बिणीने सेल काढला. तो ट्रेमध्ये पडला तेव्हा एका बाजूने काळा पडलेला होता. मुलगी वाचली, पण अन्ननलिका भाजून आकसली होती. ती रुंद करून घ्यायला दर तीन आठवड्यांनी आई तिला घेऊन यायची. वर्षभर.

लोकांना वाटतं, सेल फुटतो, त्यातलं रसायन गळतं आणि विष होतं. तसं नाही. न फुटलेला, धड सेलसुद्धा भाजतो. अन्ननलिका ओली असते. सेल तिथे अडकला की त्या ओलाव्यातून वीज वाहायला लागते आणि सेलच्या ऋण बाजूला, जिथे मांस टेकलेलं असतं तिथे, कडक क्षार तयार होतो. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. खेळणं वाजायचं बंद झालं, आता सेल संपला, असं धरून चालू नका. दिव्याला पुरत नाही एवढी वीज मांस जाळायला पुरते. सगळ्यात वाईट तो 20 मिलिमीटरचा, 3 व्होल्टचा, ज्यावर ‘सीआर 2032’ लिहिलेलं असतं. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो. नाकात घातला तर काही तासांत नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं.

हे सगळं मला पाठ आहे, आणि तरी गेल्या दिवाळीत माझ्याच घरात काय झालं बघा. बॅटरीच्या पणत्या आणल्या होत्या, तुळशीपाशी ठेवायला. भाऊबीजेच्या सकाळी दिवाणाखाली झाडताना एक पणती उलटी सापडली. झाकण उघडं, सेल नाही. नात दोन वर्षांची, शेजारीच खेळत होती. माझ्या हातातला झाडू गळून पडला. तिचं तोंड उघडून बघितलं, गादी झटकली, सोफ्याच्या फटीत हात घातला. शेवटी तिची डावी मूठ सोडवली, तर तळव्यावर चकचकीत चकती आणि तिचा गोल वळ. त्या दिवसापासून आमच्याकडे तेलाच्याच पणत्या. रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली, गाणं म्हणणारं वाढदिवसाचं कार्ड, सगळ्यात हा सेल असतो. नुसती खेळणी तपासून भागत नाही.

सेल गिळल्याची नुसती शंका जरी आली, तरी ओकारी काढायची नाही, भात-केळं चारायचं नाही, ‘उद्या शी मधून पडेल’ म्हणून थांबायचं नाही. 108 ला फोन किंवा सरळ जिथे एक्स-रे आणि दुर्बीण दोन्ही आहे अशा रुग्णालयात. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळू शकत असेल आणि 12 तास उलटलेले नसतील, तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, असं विषबाधेचे तज्ज्ञ सांगतात. मध सेलभोवती थर धरतो आणि भाजणं थोडं मंदावतं. पण मध शोधत घरात बसायचं नाही. आणि ताई, तुमच्या बाळाला नाही, तो 10 महिन्यांचा आहे. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको, त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

आता आयएसआयचं. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, साध्या खेळण्यांना आयएस 9873, विजेच्या आणि सेलच्या खेळण्यांना आयएस 15644. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह कोणीही छापेल, म्हणून तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये घालून बघा. कुठल्या कारखान्याला, कुठल्या मालासाठी परवाना आहे ते दिसतं. क्रमांक खोटा निघाला तर तक्रारही तिथेच करता येते. तुमचा प्लॅस्टिकचा प्रश्नही यातच येतो, कारण रंगातलं शिसं आणि प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं यांना या मानकात मर्यादा घातलेली आहे. बिननावाच्या खेळण्यात काय आहे, ते कोणीच तपासलेलं नसतं.

आणखी एक. खोक्यावर ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं असतं, ते अकलेबद्दल नसतं. ‘आमचा हुशार आहे, खेळेल’ म्हणून आजोबा दोन वर्षांच्या नातवाला ते घेतात. ती सूचना घशाबद्दल असते. तपासणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं, म्हणजे त्याहून जेमतेम मोठं भोक. कोंबडीची चोच, चाकं, डोळे या मापाने बघा.

सासूबाईंपासून कोंबडी लपवू नका. त्यांच्या हातात द्या आणि झाकण त्यांनाच उघडायला सांगा. नातवाच्या जिवापुढे 80 रुपये धरून बसणारी आजी मी अजून पाहिलेली नाही.

सप्रेम नमस्कार. नातीच्या बारशासाठी भांडी बाजारातून तांब्याचं बोंडलं, पेला आणि दूध तापवायला छोटं पितळी पातेलं आणलं. नाशिकची भांडी म्हणजे नाशिकची भांडी! सून म्हणते, स्टीलचंच वापरणार. तांब्याचं पाणी तर सगळे वैद्य चांगलं सांगतात.
– एक आजोबा, जुने नाशिक

आजोबा, नमस्कार. तुम्ही हौसेने आणलंत, आणि मी सुनेच्या बाजूने बोलणार आहे. राग मानू नका.

मोठ्यांचं पाणी वेगळं आणि तान्ह्याचं दूध वेगळं. तांब्या-पितळेच्या भांड्यात दूध तापवलं, तासन्‌तास ठेवलं, की दुधात तांबं उतरतं. पितळेतही बहुतांशी तांबंच असतं. बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही, ते साठत जातं. माझ्या शिकाऊपणाच्या दिवसांत असं एक मूल मी सांभाळलं आहे. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, डोळे पिवळे, आणि यकृत बोटांना दगडासारखं लागायचं. या आजाराला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ म्हणत. झालेली बहुतेक मुलं जात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात या मुलांच्या घरची भांडी पाहिली. तान्हेपणीच वरचं दूध सुरू झालेलं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं. भांडी बदलली, तसा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आज तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो, आणि तो तसाच पुस्तकात राहावा असं मला फार वाटतं.

कल्हई केलेलं असेल तर, असं तुम्ही म्हणाल. कल्हई झिजते, आणि ती कधी झिजली ते रोजच्या घाईत कोण बघतं? शिवाय हल्ली कल्हईवाला दारावर येतो तरी कुठे?

दूध आणि पेज स्टीलमध्ये. चांदीचं बोंडलं चालेल, फक्त त्याची चोच आतून घासून, उकळून घ्यावी लागते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावर असलेल्या बाळाला पाणीच लागत नाही, तेव्हा पेल्याचा प्रश्न आत्ता नाहीच. पितळी पातेलं अंघोळीचं पाणी घ्यायला ठेवा. नात मोठी झाली की ‘आजोबांनी आणलेलं’ म्हणून तेच वापरेल.

मी तीन मुलं वॉकरमध्ये वाढवली. आता मुलगी म्हणते वॉकर घरात आणायचा नाही, परदेशात बंदी आहे म्हणे. खरं आहे का हो?
– एक आजी, पंचवटी

खरं आहे काकू. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. चाकांच्या वॉकरमध्ये बसलेलं बाळ सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापतं. तुम्ही ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत ते जिन्यापाशी पोचलेलं असतं. आमच्याकडे आलेली बहुतेक वॉकरची मुलं डोक्यावर पडलेली होती, आणि घरात मोठं माणूस त्याच खोलीत होतं. पंचवटीतल्या जुन्या घरांचे उंबरे आणि उभे दगडी जिने तर तुम्हाला सांगायला नकोतच. वर, वॉकरने मूल लवकर चालतं हेही खरं नाही. तरंगत बसायची सवय झाली की उलट उशीर होऊ शकतो.

तुमच्या आईच्या वेळचा पांगुळगाडा आठवतो? लाकडी, तीन चाकांचा. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. स्वतः उठून उभं राहायला लागलेल्या नातवासाठी तो आणा, चाकं जरा जड फिरणारी बघा, आणि जिन्याला फळी लावा. तोपर्यंत सतरंजीवर रांगू दे.

आम्ही बचत गटाच्या सात जणी जुन्या साड्यांच्या बाहुल्या करतो आणि गंगेवर (गोदाकाठी) बुधवारच्या बाजारात विकतो. आम्हालाही आयएसआय घ्यावं लागेल का?
– बचत गट, सातपूर

केंद्र सरकारच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे कारागीर म्हणून नोंद असलेल्यांनी स्वतः केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. सातही जणींनी ही नोंदणी करून घ्या, ओळखपत्र मिळतं.

पण सूट कागदाला आहे, बाळाच्या घशाला नाही. पत्रासोबत तुम्ही पाठवलेली बाहुली मी हातात घेऊन बसले आहे. जरीकाठाचा परकर फार सुरेख झालाय. डोळ्यांना मात्र शर्टाची बटणं लावली आहेत. मी दातात धरून ओढलं, आणि दुसऱ्या हिसक्याला उजवं बटण निघालं. डोळे दोऱ्याने भरा, काळ्या रेशमाने टाके घाला, बटणाहून जास्त बोलके होतील. गळ्यातली मण्यांची माळ काढून टाका. वेणीचा गोंडा 40 सेंटिमीटर भरला. दीड वर्षाखालच्या मुलांच्या खेळण्यात दोरी 22 सेंटिमीटरहून लांब चालत नाही, तेव्हा तेवढीच ठेवा. बगलेतली शिवण दुहेरी घाला, तिथून आत्ताच चिंध्या डोकावतायत. नवी बाहुली झाली की पाठवा, ती पण ओढून बघते.