दाखल्यावरची मातृभाषा

प्रिय बाय,

काल फाइलीतून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढून तू विचारलंस, "आई, जात रोमन कॅथलिक आणि मातृभाषा मराठी? चर्चची शाळा मराठीत कशी असेल?" तुझ्या टीचरने म्हणे सांगितलंय की भारतातल्या कॅथलिक शाळा इंग्रजी असतात. मला रात्रपाळीला निघायचं होतं, म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. ब्रेकमध्ये बसून हे लिहिलंय, पॅरिश, म्हणजे चर्चला जोडलेल्या, शाळांवरच्या तुझ्या प्रकल्पाला उपयोगी पडेल.

वसईतली आमची शाळा चर्चच्या आवारातच होती. एका अंगाला दफनभूमी, दुसऱ्या अंगाला केळीची वाडी. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की गणिताच्या बाई खडू खाली ठेवायच्या. आम्ही उभं राहून 'नमो मारिया' ही मारियामातेची प्रार्थना म्हणायचो. माझ्या बाकावरची मुलगी हिंदू, ती हात जोडून गप्प उभी राहायची. मग बाई खडू उचलायच्या आणि समीकरण जिथे थांबलं होतं तिथून पुढे. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातला लाडू मला आणि माझी सुकेळी तिला. सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी, केळीच्याच सुक्या पानात बांधून विकतात. इथे कॅनडातल्या दुकानात बनाना चिप्स मिळतात, त्यांचा सुकेळीशी काही संबंध नाही.

आता इतिहास. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली. त्या काळात चर्चला लागून शाळा असे आणि तिथे मुलांना प्रार्थना, गाणं, थोडं लिहिणं-वाचणं शिकवत. पुढे संत झालेला गोन्सालो गार्सिया वसईचाच, तो किल्ल्यात जेजुइट संघाच्या धर्मगुरूंकडे शिकला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज अंमल संपला. नाशिकला नारोशंकराच्या देवळात तू जी मोठी घंटा पाहिलीस ना, ती वसईच्या चर्चची. तिच्यावर १७२१ साल कोरलंय.

चर्चच्या घंटा गेल्या, पण माणसं तिथेच राहिली. धर्म कॅथलिक, भाषा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच. मला वाटतं, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. मुंबईकडच्या आपल्या लोकांनी १८८७ साली स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं आणि त्यांतले बरेचजण इंग्रजीकडे वळले. वसईच्या खेड्यातला शेतकरी कुठे वळणार? पानमळा आणि केळी सोडून जायचं कुठे?

उरलेलं निम्मं उत्तर पैशात आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणाविषयीच्या धोरणपत्रानंतर, खासगी शाळांनाही सरकारी अनुदान मिळू लागलं. अनुदान हवं तर सरकारी अभ्यासक्रम, तपासणी, हजेरीपट सगळं आलं, आणि प्राथमिक शिक्षण लोकांच्या भाषेत. फादर शाळेचे व्यवस्थापक, पण पुस्तकं मराठी. तुला हे ओळखीचं वाटेल. ऑन्टारियोतल्या कॅथलिक शाळांचा खर्चही सरकारच करतं, १८६७ च्या कायद्यातल्या हमीमुळे. आमच्याकडे याला 'अनुदानित' म्हणतात आणि पगार उशिरा आला की शिक्षक हाच शब्द जरा वेगळ्या सुरात म्हणतात.

चर्चच्या आसपास नुसती शाळाच नव्हती. १९१८ साली वसईतल्या पापडीला बॅसिन (वसईचंच जुनं नाव) कॅथलिक बँक निघाली, तीही एका धर्मगुरूच्याच पुढाकाराने. आजोबांच्या विहिरीचा पंप तिच्याच कर्जातला.

एक गंमत सांगते. माझ्या आजीच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. १९६२ ते ६५ ची व्हॅटिकन परिषद (जगभरच्या बिशपांची सभा) झाली, तेव्हा कुठे वेदीवर मराठी आली. म्हणजे आजी चर्चमध्ये न कळणारं ऐकायची आणि भिंतीपलीकडच्या शाळेत बाराखडी गिरवायची. पुढे वसईतल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा बाहेरच्यांनी भुवया उंचावल्या. आमच्या गावात कुणाला नवल वाटलं नाही.

पण बाय, दाखल्यावर लिहिलंय ते अगदी खरंही नाही. माझी मातृभाषा कादोडी, म्हणजे आमची वसईची बोली, फोनवर तुझ्या आजीशी बोलते ती. नाव घालायला गेलो तेव्हा कारकुनाने विचारलं, आजोबांनी "कादोडी" सांगितलं आणि त्याने 'मराठी' लिहिलं. आजोबा काही बोलले नाहीत. पुढे तिसरीत मी वाचताना घरचा उच्चार केला म्हणून हातावर पट्टी बसली होती. बाई आमच्याच गावच्या, घरी त्याही कादोडीच बोलत! शाळेने मला मराठी दिली हे खरं आणि त्या मराठीपायी मी काही वर्षं वर्गात तोंड उघडायला घाबरले हेही खरं. प्रकल्पात दोन्ही लिही.

आता मात्र तिकडेही चित्र पालटलंय. माझ्या भावंडांची मुलं सगळी इंग्रजी माध्यमात आहेत. भावाला विचारलं तर म्हणतो, "तू कॅनडाला जाऊन मला मराठी शाळा सांगू नकोस." यावर मी काय बोलणार?

दाखल्याची झेरॉक्सच जोड, मूळ कागद शाळेत नेऊ नकोस. दुसरी प्रत काढायची तर मामाला चार खेपा माराव्या लागतील. डब्यात फुगे (आपले तळलेले गोळे) ठेवलेत, गरम करून खा.

तुझी,
आई