पावसाळी गोल्फ: चेंडू रुतला, कावळ्याने पळवला, आता काय करायचं?

पावसाळा सुरू झाला की या सदरातले प्रश्न एकदम वाढतात. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. उत्तरं 2023 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न: फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या, बारीक गवत कापलेल्या पट्ट्यावर) चेंडू चिखलात रुतून बसतो. सोबतचे म्हणतात, ‘उचल, पूस आणि सहा इंच सरकवून ठेव.’ हे बरोबर आहे का? (पुणे)

उत्तर: सहा इंचांची सवलत मूळ नियमांत नाही. ती स्थानिक नियमातून येते. स्पर्धेच्या किंवा क्लबच्या समितीने तो जाहीर केला असेल तरच वापरायची, आणि तीही फेअरवेइतकं किंवा त्याहून बारीक गवत कापलेल्या भागातच. अंतर सहा इंच की एक क्लब (म्हणजे गोल्फच्या काठीची लांबी), हेही समितीच ठरवते. नुसता चिखल लागला आहे, चेंडू रुतलेला नाही आणि असा स्थानिक नियमही नाही, तर चिखलासकट खेळायचं.

रुतलेल्या चेंडूची गोष्ट वेगळी आहे, तिथे विनादंड सवलत मिळते. मात्र चेंडू तुमच्याच फटक्याने पडलेल्या खळग्यात असला पाहिजे आणि त्याचा थोडा तरी भाग जमिनीच्या पातळीखाली गेलेला असला पाहिजे. टप्पा खाऊन दुसऱ्याच्या खळग्यात जाऊन बसला, तर सवलत नाही. फटका जमिनीलगत सरपटत गेला, हवेत उठलाच नाही, तरीही नाही. फेअरवे असो वा रफ (बाजूचं वाढलेलं गवत), जनरल एरियात, म्हणजे मैदानाच्या सर्वसाधारण भागात, ही सवलत आहे. बंकर (वाळूचा खड्डा) आणि पेनल्टी एरियात (पाण्यासारखा, खुणेने आखलेला भाग) नाही.

रुतलाय की नाही याची शंका असेल तर उचलून पाहता येतं, पण आधी जागेवर खूण करायची आणि चेंडू पुसायचा नाही. इथेच बहुतेकांची चूक होते. हात सवयीने टॉवेलकडे जातो, आणि सवलत लागू नसेल तर त्या पुसण्याचा एक फटका दंड बसतो. रुतलेला निघाला तर खुशाल पुसा. मग खळग्याच्या लगेच मागची जागा धरा आणि तिथून एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सरळ खाली सोडा, म्हणजेच ‘ड्रॉप’ करा. माप पटर (ग्रीनवर वापरायचा क्लब) सोडून पिशवीतल्या सगळ्यात लांब क्लबचं धरायचं, म्हणजे बहुधा ड्रायव्हरचं. चेंडू त्या क्षेत्राबाहेर घरंगळला तर पुन्हा सोडा. दुसऱ्यांदाही बाहेर गेला, तर त्या वेळी तो जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला तिथे हाताने ठेवा.

प्रश्न: बंकर पाण्याने भरला आहे आणि चेंडू आत आहे. बाहेर काढता येईल का?

उत्तर: फुकट काढायचा असेल तर बंकरमध्येच राहावं लागेल. पाण्यातून पूर्ण सुटका देणारी जवळची जागा शोधायची आणि तिथून एका क्लबच्या आत ड्रॉप करायचा. अशी जागाच नसेल तर बंकरमध्ये पाणी सगळ्यात उथळ आहे तिथे. बाहेर यायचं तर एक फटका दंड द्यायचा, होलपासून चेंडूच्या जागेवरून जाणारी रेषा मागे वाढवायची आणि त्या रेषेवर बंकरबाहेर ड्रॉप करायचा. दोन फटके दंड सांगणारे बरेच भेटतील. ते बंकरमध्ये ‘अनप्लेएबल’ घेऊन, म्हणजे चेंडू खेळता न येण्याजोगा ठरवून, बाहेर येण्याबद्दल आहे, साचलेल्या पाण्याबद्दल नाही.

समित्यांना आग्रहाची विनंती: बंकर पूर्ण बुडाला असेल तर खेळ सुरू होण्याआधीच तो ‘दुरुस्तीखालची जमीन’ म्हणून जाहीर करा. मग खेळाडूला दंडाशिवाय बाहेर येता येतं.

प्रश्न: फेअरवेवर थांबलेला चेंडू कावळ्याने उचलून नेला. दंड कोणाला? (मुंबई)

उत्तर: कोणालाच नाही. चेंडू होता त्या जागी दुसरा ठेवायचा. अचूक जागा माहीत नसेल तर अंदाजाने ठरवायची. इथे ड्रॉप करायचा नाही, हाताने ठेवायचा. कावळ्याने मध्येच टाकला तिथूनही खेळायचं नाही, चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन फटके पडतात.

खरा वाद पुराव्यावर होतो. कावळ्यानेच नेला हे ठाऊक तरी हवं, किंवा जवळजवळ खात्रीचं, म्हणजे निदान 95 टक्के तरी हवं. कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने) किंवा सोबतच्या खेळाडूने पाहिलं तर प्रश्न मिटला. ‘इथे कावळे फार आहेत, त्यांनीच नेला असणार’ एवढ्यावर भागत नाही. तीन मिनिटांत सापडला नाही तर चेंडू हरवला. एक फटका दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फटका.

चेंडू धावता असताना कुत्र्याने तोंडात धरला, तर त्याने जिथे पकडला त्याच्या खालची जागा धरून ड्रॉप. ग्रीनवरून (होलभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीवरून) मारलेला पट, म्हणजे सरपटता फटका, ग्रीनवरच कुत्र्याला लागला, तर तो फटका मोजायचाच नाही. चेंडू मूळ जागी ठेवून पुन्हा पट करा.

प्रश्न: चेंडूजवळ घोणस दिसली तर?

उत्तर: लांब व्हा. विषारी साप किंवा आग्या मोहोळ असेल तर दंड न देता सुरक्षित जागी ड्रॉप मिळतो. मात्र चेंडू बंकरमध्ये असेल तर फुकट सवलतही बंकरमध्येच. चेंडू मुळातच खेळता न येण्याजोग्या झुडपात असेल, तर सापाचं निमित्त चालत नाही. खाजकुयलीसारख्या वनस्पतींना ही सवलत नाही.

प्रश्न: चेंडू आंब्याच्या फांदीत अडकलाय. खालून दिसतो, निघत नाही.

उत्तर: आधी तो तुमचाच आहे हे ओळखा. त्यावरची खूण दुर्बिणीतून पाहिली तरी चालते. चेंडू तीन मिनिटांच्या आत दिसलेला हवा, ओळखायला मात्र वाजवी वेळ मिळतो. ओळख पटली नाही तर तो हरवलेला धरायचा. ओळख पटली तर एक फटका दंड, चेंडूच्या बरोबर खालची जमिनीवरची जागा आणि तिथून दोन क्लबच्या आत ड्रॉप. वर चढून मारायलाही बंदी नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या बे हिल मैदानावर स्पॅनिश गोल्फपटू सर्जिओ गार्सियाने झाडावर चढून उलट्या हाताने चेंडू बाहेर काढला होता.

प्रश्न: ड्रॉप केलेला चेंडू थांबला आणि मग आपोआप घसरून पाण्यात गेला. दंड?

उत्तर: आता नाही. 2019 च्या फिनिक्स ओपनमध्ये अकराव्या होलवर अमेरिकन गोल्फपटू रिकी फाउलर, चेंडू पाण्यात गेल्याचा दंड घेऊन चेंडू ठेवल्यावर, ग्रीन पाहायला वर गेला आणि मागे त्याचा चेंडू पाण्यात घरंगळला. त्याला आणखी एक दंड बसला. 2023 पासून ड्रॉप केलेला किंवा ठेवलेला चेंडू थांबल्यानंतर आपोआप दुसऱ्या भागात गेला, तर तो परत जागेवर ठेवायचा.

प्रश्न: नियमच आठवला नाही आणि विचारायला कोणी नाही, तर?

उत्तर: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याचा प्रकार) दोन चेंडूंनी तो होल पुरा करा. पुढचा फटका मारण्याआधी सोबत्यांना सांगा की दोन चेंडू खेळतोय आणि नियमात बसलं तर अमुक चेंडू धरायचा. स्कोअरकार्ड देण्याआधी समितीला कळवा. दोन्हींचा स्कोअर सारखा आला तरी कळवायचंच, नाहीतर स्पर्धेतून बाद. मॅच प्लेमध्ये (जिंकलेले होल मोजण्याचा प्रकार) ही सोय नाही.