‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेत अभिजात चित्रकलेचे संदर्भ सर्वांत चांगले कोणत्या भागात आले आहेत?

माझ्या मते, 1999 साली प्रसारित झालेल्या ‘मॉम अँड पॉप आर्ट’ या भागात. संग्रहालयात डोळा लागलेल्या होमरला, म्हणजे मालिकेतल्या कुटुंबप्रमुखाला, स्वप्नात चित्रकार आंरी रूसोच्या चित्रातील निद्रिस्त जिप्सी स्त्रीच्या जागी आपण पहुडलो आहोत असे दिसते; पुढे चित्रकार दालीची वितळती घड्याळे येतात आणि सुपाच्या डब्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला अँडी वॉरहॉल त्याच्यावर सुपाचे डबे फेकतो. चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी तर स्वतःच्याच पात्राला आवाज दिला आहे. मला मात्र शेवट अधिक मोलाचा वाटतो: चित्रकार टर्नरची कालव्यांच्या व्हेनिस शहराची चित्रे आणि इमारती कापडाने गुंडाळणाऱ्या क्रिस्टो या कलाकाराच्या भव्य कलाकृती यांतून स्फूर्ती घेऊन होमर गटारांची तोंडे पायपुसण्यांनी बुजवतो, रस्त्यावरचे अग्निशमन नळ सोडतो आणि आपले अख्खे स्प्रिंगफील्ड शहर जलमय करतो. इथे चित्राची नक्कल नसून त्यामागची दृष्टीच कथानकात उतरली आहे.