फोटोखालची ओळ : वाचकांचे प्रश्न

छंद म्हणून काढलेले फोटो कॅमेरा, लेन्स आणि सेटिंगसह पाठवा, असं आवाहन या सदरातून केलं होतं. फोटो आले, त्यांच्याबरोबर प्रश्नही आले. बरेचसे एकाच जागी अडलेले: आपले आकडे लिहायचे कशासाठी, आणि दुसऱ्याचे वाचायचे कसे? त्यातले हे काही निवडक.

पाण्यात सूर मारणाऱ्या धीवराच्या (छोटा खंड्या) फोटोखाली ४०० मिमी, एफ/५.६, १/२५००, आयएसओ ८०० असं दिलं होतं. सकाळी साडेसहाला तळ्यावर जाऊन हेच आकडे मॅन्युअलवर लावले, तर फोटो जवळजवळ काळा. लेन्सही तीच आहे. चुकलं कुठे? (सांगली)

तुमचं काही चुकलं नाही, ती ओळच अपुरी होती. उजेड किती होता, हे तिच्यात नव्हतं.

ओळीतले आकडे क्रमाने असे: लेन्सची फोकल लेंग्थ, ॲपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं ते मोठं), शटर स्पीड (सेकंदात) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). आता हिशेब करून पाहू. भर उन्हात एफ/१६ ठेवलं, तर शटर स्पीड साधारण आयएसओच्या आकड्याएवढा लागतो. म्हणजे आयएसओ ८०० ला १/८००. एफ/१६ वरून एफ/५.६ वर आलो की ॲपर्चर तीन स्टॉप जास्त उघडतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणून भर उन्हात १/६४०० लागला असता. फोटो आहे १/२५०० चा. म्हणजे उजेड भर उन्हापेक्षा सव्वा ते दीड स्टॉपने कमी, सूर्य चांगला वर आलेला आणि ऊन अजून मऊ. साडेसहाला, झाडांच्या सावलीतल्या तळ्यावर त्याहून सहज चार स्टॉप कमी उजेड असतो. चार स्टॉप म्हणजे सोळावा हिस्सा. फोटो काळाच येणार.

आकडे जसेच्या तसे उचलण्यापेक्षा प्रत्येक आकडा का निवडला असेल, ते पाहा. १/२५०० आहे तो पक्ष्याच्या वेगासाठी. एफ/५.६ बहुधा लेन्स तेवढीच उघडते म्हणून. आयएसओ ८०० हा या दोघांनंतर उरलेला आकडा. तुमच्या उजेडात आयएसओ ३२०० केलं तरी शटर १/६४० च मिळेल. त्यात सूर मारणारा धीवर पुसट येतो, पण फांदीवर बसलेला उत्तम येतो. तेव्हा साडेसहाला बसलेला पक्षी टिपा, झेपेसाठी दीड-दोन तास थांबा.

शटर आणि ॲपर्चर आपल्या हातात ठेवून आयएसओ ऑटोवर सोडायचं, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा स्टॉपच्या हिशेबात बदलण्याची सोय) वर-खाली करायचं, ही पद्धत पक्ष्यांसाठी सर्वांत सोयीची. मात्र धीवराच्या गळ्यावरचा पांढरा पट्टा लक्षात ठेवा. मागे गडद पाणी असलं की कॅमेऱ्याचा मीटर फसतो, सगळं दृश्य उजळवायला जातो आणि तो पट्टा कोऱ्या कागदासारखा होतो. पिसांची एक रेघ दिसत नाही. उणे ०.७ पासून सुरुवात करा आणि स्क्रीनवर जळलेल्या भागाची लुकलुक चालू ठेवा. पट्टा लुकलुकला, की अजून एक तृतीयांश खाली.

मग फोटोखाली नेमकं लिहायचं काय? सगळंच लिहिलं तर फोटोपेक्षा मजकूर मोठा होतो. (नाशिक)

एक ओळ अशी येते: ‘मॅक्रो, एफ/११, आयएसओ ६४०.’ यातून काही हाती लागत नाही. दुसरी अशी: ‘सीतेची आसवं, कास पठार, सप्टेंबर, सकाळी ८, ढगाळ. निकॉन डी७५००, टॅमरॉन ९० मिमी मॅक्रो, एफ/११, १/१६०, आयएसओ ६४०. पायवाटेच्या कडेला जमिनीवर बीनबॅग. फूल लेन्सच्या तोंडापासून साधारण दीड वीत. पाच फ्रेम जोडून, थोडा क्रॉप.’ ही वाचून दुसरा माणूस पुढच्या सप्टेंबरात काहीतरी करू शकतो.

कॅमेरा आपण होऊन नोंदवतो ते आकडे फाइलमध्ये असतातच, म्हणून कॅमेऱ्याला कळत नाही ते आधी लिहा: उजेड कसा आणि कुठल्या बाजूने होता, अंतर किती, आधार कशाचा, फिल्टर कोणता, नंतर काय केलं. कॅमेरा बॉडीचं पूर्ण नाव नसलं तरी चालेल, सेन्सरचा आकार मात्र हवा. लेन्सवर छापलेलीच फोकल लेंग्थ लिहा. एपीएस-सी बॉडीवर (जिचा सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान असतो) २०० मिमी लावून ‘३०० मिमी’ लिहिलं की गोंधळ होतो, कारण दीडपट (कॅननवर १.६ पट) करायचं काम वाचणारा स्वतःही करतो. मग तो आकडा दोनदा गुणला जातो.

मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंत, आणखी एक खोच आहे. निकॉनच्या एसएलआर बॉडीवर मॅक्रो लेन्स लावून अगदी जवळ गेलात, की पूर्ण उघडं ॲपर्चर एफ/२.८ ऐवजी एफ/५ च्या आसपास दिसायला लागतं. लेन्स बिघडलेली नसते. जवळ जाताना सेन्सरवर उजेड कमी पोचतो, आणि निकॉन तो खरा आकडा दाखवतो. कॅनन लेन्सवरचा छापील आकडाच दाखवत राहतो. म्हणून दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर काढलेल्या मॅक्रोचे एफ आकडे ताडून पाहण्यात अर्थ नाही.

फूल आणि त्याचं सेन्सरवरचं चित्र सारख्याच आकाराचं असेल, तर एफ/८ ला जेमतेम मिलिमीटरभर भाग नीट दिसतो. एफ/२२ वर गेलात तर हा भाग वाढतो, पण सगळंच किंचित मऊ पडतं. त्यापेक्षा एफ/८ वर फोकस थोडा थोडा सरकवत पाच-सात फ्रेम घ्या आणि जोडा. वारा असेल तर हा नाद सोडा, पाकळी दोन फ्रेममध्ये एका जागी राहत नाही. आणि चांगल्या कोनासाठी आजूबाजूची फुलं तुडवून पठारात आत शिरू नका. तसा काढलेला फोटो आम्ही छापत नाही.

काजव्यांचे फोटो पाहतो, त्यात अख्खं झाड ठिणग्यांनी भरलेलं असतं. मी ३० सेकंदांचा फोटो काढला, तर पाच-सहा फिकट रेघा आल्या. सेटिंग तर जवळपास तीच होती. (ठाणे)

तुम्ही पाहिलेला फोटो एक फोटो नसावा. पन्नास-साठ फ्रेम एकावर एक रचलेल्या असतात, आणि खालच्या ओळीत तेवढंच गाळलेलं असतं.

मूळ मुद्दा असा. काजवा क्षणभर चमकतो आणि पुढे सरकतो. शटर १० सेकंद उघडं ठेवा नाहीतर ३०, त्या एका ठिणगीचा उजेड सेन्सरवर तेवढाच पडतो. शटर लांबवलं की ठिणग्यांची संख्या वाढते, त्यांचं तेज नाही. तेज फक्त ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. आकाश आणि झाड मात्र शटर लांबवलं की उजळत जातात. म्हणून रेघा फिकट असतील तर शटरला हात लावू नका. एफ/४ वर असाल तर एफ/२.८ किंवा एफ/१.८ वर या, आयएसओ १६०० वरून ३२०० करा.

काम दोन टप्प्यांत होतं. पुरुषवाडी, भंडारदरा किंवा राजमाचीला मे अखेर ते जूनच्या पूर्वार्धात, मोठा पाऊस सुरू होण्याआधी जायचं. रात्र अमावास्येजवळची निवडायची, चांदण्यात ठिणग्या विरून जातात. उजेड असतानाच ट्रायपॉड रोवा, झाडावर फोकस करून मॅन्युअलला टाका, फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. सूर्यास्तानंतर २०-२५ मिनिटांनी, निळसर उजेडात आयएसओ ४०० ला झाडाची एक फ्रेम घ्या. झाडाचा आकार यातून येणार आहे. यानंतर कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये.

अंधार पडला की २० सेकंद, एफ/२.८, आयएसओ १६०० अशा ६० फ्रेम सलग घ्या, मधलं अंतर एक सेकंद. साधारण २१ मिनिटं लागतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू राहणं. ते चालू असलं की प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद एक काळी फ्रेम काढत बसतो. तेवढ्यात चमकलेले काजवे गेलेच. दुसरी अडचण दमट हवेची: दहा-दहा मिनिटांनी लेन्सची काच पाहा. धुकं बसलं तर ठिणग्यांभोवती वलयं येतात, आणि घरी येईपर्यंत ते कळत नाही.

नंतर सगळ्या फ्रेम थरांमध्ये टाकून मिसळण्याची पद्धत ‘लाइटन’ ठेवायची, म्हणजे प्रत्येक जागी सर्वांत उजळ असेल तेवढं उरतं. कुणी टॉर्च मारून गेलं असेल, तर ती एक फ्रेम काढून टाका. सलग २० मिनिटांचा एकच फोटो न काढण्याचं हे एक मोठं कारण. दुसरं, एवढ्या वेळात आकाश धुऊन निघतं आणि सेन्सर तापून रंगीत ठिपके येतात.

टॉर्च आणि फ्लॅश अजिबात नको, आणि हा केवळ फोटोचा प्रश्न नाही. काजवे जोडीदार शोधण्यासाठी चमकतात, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. कॅमेऱ्याचा फोकससाठी लागणारा लाल दिवासुद्धा बंद करा, स्क्रीन सर्वांत मंद ठेवा. आणि फोटो पाठवताना ‘६० फ्रेम × २० सेकंद, लाइटन, झाड संध्याकाळच्या वेगळ्या फ्रेममधलं’ असं लिहा. असं चित्र डोळ्यांना एका क्षणी दिसत नाही, त्यात गैर काही नाही. न सांगणं गैर.

फोनवरच्या फोटोच्या माहितीत ५.४ मिमी, एफ/१.८ असं येतं. हेच लिहू का? एफ/१.८ असूनही मागचं धूसर होत नाही. (बेळगाव)

५.४ मिमी ही खरी फोकल लेंग्थ आहे. फोनचा सेन्सर नखाएवढा असतो, म्हणून ती फुलफ्रेमवरच्या साधारण २६ मिमीएवढं दृश्य दाखवते. धूसरपणाही त्याच पटीत कमी होतो: तुमचं एफ/१.८ फुलफ्रेमवरच्या एफ/८-९ च्या जवळ जातं. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर बदलताच येत नाही, तेव्हा तो आकडा लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही. फोनचं मॉडेल, तीनपैकी कुठली लेन्स (मुख्य, वाइड, टेली) आणि मोड लिहा. पोर्ट्रेट मोड असेल तर आवर्जून, कारण मागचा धूसरपणा सॉफ्टवेअरने केलेला असतो आणि केसांच्या कडेला किंवा चष्म्याच्या काडीपाशी तो फसतो. नाइट मोडमध्ये अनेक फ्रेम मिसळलेल्या असतात, तिथल्या शटरच्या आकड्यावर विसंबू नका.

धबधब्याच्या फोटोत फिल्टरचं नाव लिहायचं का? माझ्या फिल्टरवर ‘१.८’ असं छापलंय, मित्राच्यावर ‘६४’. (चिपळूण)

लिहायचंच. दोन्ही एकच आहेत, सहा स्टॉप. हे एनडी, म्हणजे उजेड अडवणारे काळपट फिल्टर. ०.९ म्हणजे एनडी ८, तीन स्टॉप, ३.० म्हणजे एनडी १०००, दहा स्टॉप. फिल्टरशिवाय १/१५ येत असेल, तर सहा स्टॉपने ४ सेकंद होतात. वाचणाऱ्याने स्टॉपचा आकडा पाहिला की त्याच्या उजेडाचा हिशेब त्याला करता येतो. पावसाळी ढगांखाली बऱ्याचदा तीन स्टॉपही पुरतात. अर्ध्या सेकंदात पाण्याचे पदर दिसतात, चार सेकंदांत त्याचा कापूस होतो. आम्हाला पदर आवडतात.

मी पाठवलेल्या फोटोत सेटिंगची माहितीच नाही, असं तुम्ही कळवलंत. माझ्या कॅमेऱ्यात तर दिसते. (सोलापूर)

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि आतली माहिती, म्हणजे एक्झिफ, गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ईमेलला जोडा, शाबूत येतो. स्क्रीनशॉटमध्ये ती नसतेच. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाइल बाहेर काढताना माहिती ठेवायची की नाही असा पर्याय असतो, तोही तपासा. जुनी मॅन्युअल लेन्स ॲडाप्टरने लावली असेल तर ॲपर्चरच्या जागी शून्य किंवा रिकामी जागा येते, तिथे वहीतली नोंदच कामाची.

एक गोष्ट मात्र काढून पाठवा: जागेचे अक्षांश-रेखांश. फोनमध्ये ते आपोआप नोंदले जातात. घुबडाच्या ढोलीचा फोटो अशा माहितीसह चार गटांत फिरला, की रविवारी झाडाखाली वीस कॅमेरे उभे राहतात आणि पिल्लांना भरवायला मोठं घुबड येत नाही. तालुक्याचं नाव पुरे. विणीच्या काळात तेही नको. घरट्यावरचे फोटो आम्ही घेतच नाही.

छापण्यासाठी फोटो किती मोठा हवा? (अमरावती)

६ × ४ इंचाला किमान १८०० × १२०० पिक्सेल, पूर्ण ए-४ पानाला २४८० × ३५०८. फाइल जेपीईजी, रंगांची पद्धत (कलर स्पेस) एसआरजीबी. क्रॉप केल्यावर उरलेले पिक्सेल मोजा, कॅमेऱ्याच्या डब्यावरचे नाही.

सेकंड हँड कॅमेरा घेतला. फोटोंवरची वेळ बरोबर साडेतीन तास पुढे असते. तारीख लावताना चूक झाली असेल का? (पणजी)

साडेतीन तास म्हटल्यावर संशय टोकियोवर जातो. जपानची वेळ आपल्यापेक्षा तेवढीच पुढे आहे, आणि कॅमेऱ्याचा टाइम झोन अजून तिथलाच असणार. आधी मेनूत झोन कोलकाता किंवा दिल्ली करा आणि त्यानंतर घड्याळ पाहा. नुसते काटे मागे घेतले आणि झोन तसाच ठेवला, तर फोनच्या ॲपशी जोडल्यावर काही कॅमेऱ्यांत वेळ पुन्हा सरकते. आधीच्या फोटोंसाठी एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम वापरा. सगळ्या तारखांमधून ३ तास ३० मिनिटं एका फटक्यात वजा करता येतात, पण आधी फाइलींची प्रत काढून ठेवा. तोवर पाठवलेल्या फोटोंची खरी वेळ आम्हाला कळवा, कारण तुमच्या मांडवीवरच्या सकाळी सहाच्या फोटोखाली आत्ता साडेनऊ दिसतंय, आणि १/६० ला आयएसओ १६०० का लागलं, हे वाचणाऱ्याला कोडंच पडेल.