लुईश राजाचा रुपया घासायचा का?

प्रश्न: आजीच्या पेटीत १८८२ चा, पोर्तुगीज राजा लुईशचं चित्र असलेला चांदीचा रुपया मिळाला, पार काळा पडलाय. घासून मग ग्रेडिंगला (दर्जा ठरवून घ्यायला) पाठवू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: अजिबात घासू नका हो! तो काळा थर जुन्या चांदीवर आपोआप चढतो आणि संग्राहकांना तोच हवा असतो, घासलेल्या नाण्याला पीसीजीएस, एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या १ ते ७० मधला नंबर देत नाहीत, नुसता 'डिटेल्स' (म्हणजे नाणं खरं, पण खराब केलेलं) असा शेरा मारतात. आधी सोनाराकडे वजन करा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलं असेल तर किंचित कमी. मग भिंगातून कड बघा, ओतीव नकलेला तिथं बऱ्याचदा सांध्याची बारीक रेघ दिसते आणि अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. ग्रेडसाठी राजाचे केस बघा, उंच भाग आधी झिजतो. आणि नाणं कडेनंच धरा.