रात्री गोगलगायी वेचणारा मुलगा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला आहे, डोंबिवलीत सोसायटीच्या गच्चीवर भाजी पिकवतो आणि इंजिनिअरिंग नको, हेच करणार म्हणून अडून बसलाय. त्याचे बाबा विचारतात, "कुंड्यांत भाजी लावून पोट भरतं का?" शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की पावसाळ्यात तो रात्री बॅटरी घेऊन गच्चीवर गोगलगायी वेचायला जातो. मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. हौसेनं रोप लावणारे पुष्कळ भेटतात. पानं कोण खातंय ते हेरून, झोप मोडून त्याच्या मागावर जाणारं पोर क्वचितच भेटतं.

बाबांचा प्रश्न मात्र रास्त आहे. नुसती भाजी विकून शहरात घर चालत नाही. मेथी 25-30 दिवसांत काढायला येते खरी, पण बाजारात आवक वाढली की जुडी मातीमोल होते. नाशिक-जुन्नरच्या शेतकऱ्याशी गच्चीवरून स्पर्धा करता येणार नाही.

पैसा आहे तो जाणकारीला. बाग उभारून देणं, तिची महिन्याची देखभाल, रोपवाटिका, शाळांच्या परसबागा आणि मुख्य म्हणजे खत. 2016च्या घनकचरा नियमांनी 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. खड्डा बांधणं सोपं असतं हो; त्याला वास सुटला, अळ्या झाल्या की जाणता माणूस शोधावा लागतो.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळझाडांची बाग फुलवली. कोल्हापूरच्या प्रा. श्रीपाद दाभोलकरांची वाट मुंबईच्या गच्च्यांवर अशीच आली: माती थोडी, पालापाचोळा आणि उसाचं चिपाड भरपूर. यात स्लॅबचाही विचार आहे. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे भरते. गच्चीभर फूटभर मातीचे वाफे केले तर खालच्या मजल्याचं काय होईल, हे मुलाला विचारून बघा. उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका. शिकायचंय ते हेच.

म्हणून पदवी हवीच. बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या, चार वर्षं. तुम्हाला जवळचं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ. राहुरी, अकोला, परभणी ही बाकीची तीन. प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो आणि नावावर सातबारा नसला तरी मिळतो. त्यात माती, कीड, रोग, बियाणं सगळं येतं. पुढे हे क्षेत्र नको वाटलं तर बँका, बियाणे कंपन्या, स्पर्धा परीक्षा मोकळ्या राहतात. बाबांना हे जरूर सांगा.

तोवर कुंड्या दहावर आणायच्या आणि एक वही घालायची. काय पेरलं, खर्च किती, काय मेलं आणि का. चवळीच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली की पान उलटून मावा (रस शोषणारी बारीक कीड) बघायचा, तारीख टाकायची. अभ्यासातून रोज वीस मिनिटं, जास्त नाही.

आणि एक विनंती. पाऊस आहे तोवर एकदा बाबांनाही रात्री त्याच्याबरोबर गच्चीवर पाठवा. बॅटरी त्यांच्या हातात द्या.