अट काढून बघ

बाळा,

काल रात्री साडेअकराला तू वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, मॅडम वाचताना सगळं समजतं पण प्रश्न जरा फिरवला की हातच चालत नाही, एमएस्सी सोडून बीएडला जाऊ का. बीएडचं नंतर बोलू. आधी त्या तिसऱ्या पानाचं बोलू, कारण ते पान बघून मला रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या पानावर तू हाइने-कँटरचं थिअरम लिहिलंयस. बंद (दोन्ही टोकं धरून) आणि बाउंडेड (अनंतापर्यंत न जाणाऱ्या) इंटरव्हलवर फंक्शन कंटिन्यूअस असेल तर ते युनिफॉर्मली कंटिन्यूअस असतं, म्हणजे किमती जवळ राहाव्यात म्हणून बिंदू किती जवळ घ्यायचे याचं एकच माप सगळ्या इंटरव्हलभर चालतं. अक्षर सुरेख, एकाही ओळीत चूक नाही, खाली प्रूफ संपल्याचा छोटा चौकोन पण काढलायस. आणि समासात काहीच नाही, एक प्रश्नचिन्ह नाही, पेन्सिलीची एक रेघ नाही. तिथेच मला कळलं की तू हे उतरवलंयस.

मला एवढंच सांग, "बंद" हा शब्द त्या प्रूफमध्ये कुठल्या ओळीत वापरला? आणि "बाउंडेड" कुठल्या? उत्तर लगेच आलं नाही ना? मग तुला थिअरम येत नाही, फक्त त्याचं वाक्य पाठ आहे. रागावू नकोस, मी हे फार जवळून ओळखते.

चल, एकदा सोबत करू, पुढच्या वेळी तू एकट्यानं करायचंस. तुझं प्रूफ असं चालतं की समजा फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्यूअस नाहीये, मग एक एप्सिलॉन, म्हणजे शून्याहून मोठा एक ठरावीक आकडा, असा मिळतो की प्रत्येक एनसाठी दोन बिंदू सापडतात, एक्स-एन आणि वाय-एन, दोघांतलं अंतर १/एनपेक्षा कमी पण फंक्शनच्या किमतींमधला फरक एप्सिलॉन किंवा जास्त. इथपर्यंत इंटरव्हलचा काही संबंध आलेला नाही. मग तू लिहितोस, "बोल्झानो-वायरश्ट्रासनुसार सबसिक्वेन्स कन्व्हर्ज होतो", इथे बाउंडेड वापरलं, कारण बाउंडेड सिक्वेन्समधून एका बिंदूकडे सरकत जाणारा सबसिक्वेन्स हमखास निघतो. मग लिहितोस, "त्याची लिमिट सी ही इंटरव्हलमध्येच आहे", इथे बंद वापरलं. आणि शेवटी सीपाशी कंटिन्यूइटी वापरून कॉन्ट्रॅडिक्शन. तीन अटी, तीन जागा.

आता अट काढून बघ. बंद काढ, ० ते १ ओपन घे, फंक्शन एक भागिले एक्स. एक्स-एन घे १/(एन+१), वाय-एन घे १/(एन+२). दोघं एकमेकांच्या इतके जवळ येतात आणि फंक्शनच्या किमतींत फरक कायम १. सबसिक्वेन्स कन्व्हर्ज होतोय ना? होतोय की, पण जातोय शून्याकडे आणि शून्य आपल्या इंटरव्हलमध्ये नाहीच, म्हणजे जिथे कंटिन्यूइटी लावायची ती जागाच गायब. आता बंद ठेव आणि बाउंडेड काढ, ० पासून इन्फिनिटीपर्यंत, एक्स स्क्वेअर घे. एक बिंदू एन, दुसरा एन अधिक १/एन. अंतर १/एन, किमतींत फरक दोनपेक्षा जास्तच. इथे शून्याची भानगड नाही, इथे दोन्ही सिक्वेन्स पळूनच जातात, सबसिक्वेन्स हाताला लागतच नाही. बघितलंस, प्रूफ दोन वेगवेगळ्या ओळींवर मोडलं? मला हेच दाखवायचं होतं. आणि एक, त्याच ० ते इन्फिनिटीवर वर्गमूळ घेऊन बघ, काही मोडत नाही, ते युनिफॉर्मली कंटिन्यूअसच राहतं. अट काढली की दर वेळी मोडतंच असं नाही, फक्त मग थिअरम तुझी हमी घेत नाही. हा फरक तुला पाठ करून कळणार नाही, हातानं करशील तेव्हाच कळेल.

तू म्हणशील एका थिअरमला दोन तास लागले तर पोर्शन कधी होणार. होऊ दे उशीर! मला हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. दीडपट वेगानं चार चार लेक्चर बघतोस त्याला वेळ मिळतो ना? समोरचा माणूस फळ्यावर लिहीत असतो तेव्हा सगळं समजतंच, कारण कुठली अट कुठे लावायची ते तो ठरवत असतो, तू नाही. आणि परीक्षेचंच बघायचं तर सीएसआयआर-नेटच्या (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या) पार्ट सीमध्ये काय असतं? चार विधानं, बरोबर असतील ती सगळी निवडायची, एक जरी चुकलं तरी मार्क नाही. त्यातली कितीतरी विधानं म्हणजे ओळखीची थिअरम्स, फक्त एक अट गुपचूप काढलेली. तेव्हा तुझं सुरेख अक्षर काय कामाचं?

आता माझं सांगते, मी हे फार कमी लोकांना सांगितलंय. एमएस्सीला मला फर्स्ट क्लास होता, सगळी प्रूफ्स तोंडपाठ, कोणी रात्री उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवली असती. पीएचडीच्या इंटरव्ह्यूला एका वयस्कर सरांनी हेच थिअरम विचारलं. मी धडाधड म्हटलं. ते म्हणाले, छान, आता इंटरव्हल ओपन केलं तर तुमच्या प्रूफची कुठली ओळ मोडते? मी पुन्हा पहिल्यापासून प्रूफ म्हणायला लागले. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, अगदी शांतपणे, आणि मी तिसऱ्यांदा "लेट एप्सिलॉन बी ग्रेटर दॅन झीरो" म्हटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. तो ग्लास मला आजही दिसतो. एक भागिले एक्स मला माहीत नव्हतं का, बारावीपासून माहीत होतं! पण त्या थिअरमशेजारी ते कधी ठेवून बघितलंच नव्हतं. पुन्हा अर्ज करायला मला सहा वर्षं लागली आणि तोवर घर, नोकरी, सगळंच बदललं होतं. ती सहा वर्षं मला अजून सलतात.

म्हणून मी वर्गात नोट्स देत नाही. यावरून खूप ऐकलंय, मुलांनी वरपर्यंत तक्रार केली, पोर्शन मागे राहतो म्हणून मला बोलावून विचारलं गेलं, एका वर्षी माझ्याकडून पेपर काढूनही घेतला. तरी मी दिल्या नाहीत. काही मुलांचं त्या वर्षी नुकसान झालं असेल, मी नाही म्हणत नाही, एकीनं तर माझ्यामुळे बॅकलॉग राहिला असं तोंडावर सांगितलं. पण तयार नोट्स दिल्या असत्या तर त्या मुलांना मी माझ्यासारखंच त्या खुर्चीत बसवलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. आजही विचारलंस तर तेच करीन.

आणि अट विसरणं ही फक्त तुझी माझी गोष्ट नाही रे. कोशी या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानं १८२१ साली छापलं की कंटिन्यूअस फंक्शन्सची सिरीज कन्व्हर्ज होत असेल तर बेरीजही कंटिन्यूअस असते. कोशी! पाच वर्षांनी, १८२६ मध्ये, आबेल या नॉर्वेच्या गणितज्ञानं एका तळटीपेत लिहिलं की या थिअरमला अपवाद दिसतात, आणि सिरीज दिली: साइन एक्स, वजा साइन २एक्स भागिले २, अधिक साइन ३एक्स भागिले ३, अशी पुढे. उणे पाय ते पायच्या मध्ये तिची बेरीज एक्स भागिले २ येते, आणि पायवर प्रत्येक पद शून्य म्हणून बेरीज शून्य, म्हणजे तिथे सरळ उडी. आबेल तेव्हा तेवीस-चोवीसचा, तुझ्याहून एखाद वर्षानं मोठा. तुम्हाला पुढच्या सेमला जो युनिफॉर्म कन्व्हर्जन्स (सगळ्या बिंदूंवर एकाच मापानं कन्व्हर्ज होण्याची अट) येणार तो याच उडीतून आलाय, पुढे वायरश्ट्रासच्या लेक्चर्समधून तो पक्का झाला. ती अट कुणी वरून लादलेली नाही. ती नव्हती तेव्हा काय मोडलं हे बघून लोकांनी ती घातलीय.

तर एक वेगळी वही कर. डाव्या पानावर थिअरम, उजव्या पानावर प्रत्येक अटीसमोर ती अट काढल्यावर मोडणारं फंक्शन आणि प्रूफची कुठली ओळ पडली ते. फंक्शन्स फार लागत नाहीत, मॉड एक्स, एक भागिले एक्स, साइन एक भागिले एक्स, एक्सचा एनवा घात, आणि रॅशनलवर १ इररॅशनलवर ० वालं डिरिक्लेचं, एवढ्यांवर तुझं अर्धं सेमिस्टर निघेल. फंक्शन सापडलं नाही तर रात्रभर अस्वस्थ राहा, उत्तर शोधायला मोबाईल घेऊ नकोस, प्लीज.

रविवारपर्यंत रोलचं थिअरम. तीन अटी आहेत (बंद इंटरव्हलवर कंटिन्यूअस, आत डिफरन्शिएबल, दोन्ही टोकांवर किंमत सारखी), तीन फंक्शन्स पाठव, आणि हेही लिही की डिफरन्शिएबल फक्त ओपन इंटरव्हलवर का मागितलंय, टोकांवर का नाही. अर्धवर्तुळ काढून बघ, उणे १ ते १. अडलास तर अडलेलंच पाठव, कोरं पान असलं तरी चालेल, फक्त कुठून उतरवून पाठवू नकोस. आणि फोटो जरा उजेडात काढ, कालच्या चौथ्या पानाची खालची ओळ मला दिसलीच नाही.

तुझ्या मॅडम